वणव्याच्या वाटेत हौसाक्का

हौसाक्का, काल तुमचा तेरावा झाला. पाहुणे आज सकाळच्या एसटीनं गेले. मोठी पातेली घासायला तुमची सून आणि मी, दोघीच उरलो होतो. घासता घासता ती म्हणाली, "काकी, येणारं जाणारं माणूस आत्याबायंचं वय इचारतं, आजार इचारतं. त्या सालच्या वणव्याचं कुणीच इचारत न्हाई."

मी म्हटलं, "त्यांना ठाऊकच न्हाई, तर इचारतील कसं?"

मग हात धुतले आणि इथं तुमच्या ओट्यावर येऊन बसले. तुमच्याशी बोलायचं बरंच राहिलंय. कालचं तर तुम्हाला सांगायलाच हवं.

मी इस्लामपूरकडची. पाटाच्या पाण्यात आणि उसाच्या रानात वाढलेली. लग्न होऊन माण तालुक्यातल्या ह्या माळावर आले, तेव्हा आपली पहिली भेट विहिरीवर झाली. मी घागर विसळली, पाणी ओतून दिलं आणि पुन्हा विसळायला घेतली. तुम्ही काठावर उभ्या राहून बघत होता. म्हणालात, "उसाच्या गावची दिसतीस. हितं आदी पाणी पित्यात, मग उरलं तर घागर धुत्यात." त्या दिवसापासून वस्तीवर मला कुणी नावानं हाक मारली नाही. मी 'उसाची' झाले. आधी राग यायचा. पुढं पुढं तुम्ही चुकून नावानं हाक मारलीत की वाटायचं, माझं काही चुकलं की काय.

माझे मालक मुंबईला गिरणीत. तुमचे फौजेत होते, ते तिकडंच गेले. ते कसे गेले हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत आणि मीही विचारलं नाही. शेळ्यामेंढ्या, एक मुलगा आणि डोंगराच्या पायथ्याचं हे घर, एवढ्यावर तुम्ही उभ्या होता. वस्तीवर बहुतेक घरांत बाप्या माणूस दिवाळीला आणि जत्रेला दिसायचा. बाकीचे दिवस आपण बायकाच.

बहात्तरच्या दुष्काळात आपण रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेलो. टोळीची म्होरकी तुम्ही. माझ्या हाताला फोड आले तर तुम्ही माझी पाटी तुमच्या डोक्यावर घेतली नाहीत. टिकाव कसा धरायचा ते मात्र दाखवलंत. म्हणालात, "आज मी उचलीन. उद्या कोण उचलंल?" मला तेव्हा तुम्ही कठोर वाटलात. पण त्याच उन्हाळ्यात माझी गाय उठेनाशी झाली, तेव्हा निवडुंग तोडून आणून, जाळावर त्याचे काटे भाजून, तिला हातानं भरवत बसायच्या त्या तुम्हीच. ती गाय जगली. तिच्या दुधावर माझी लेक शालन वाढली. हे मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही. बोलले असते तर तुम्ही म्हणाला असता, "मग काय, गायीनं माझं दूध प्यायचं हुतं?"

मग पाऊस झाला आणि आपल्या डोंगरावर गवत आलं. तसं गवत म्हाताऱ्यांनीही पाहिलं नव्हतं. पवन्या, मारवेल, कमरेइतकी कुसळी. हिवाळा संपेपर्यंत आपण कापत होतो आणि घराघरामागं गंजी रचत होतो. दुष्काळात छावणीला गेलेल्या जनावरांतली निम्मी परत आली नव्हती. जी होती, ती जपायची म्हणजे ह्या गंज्या जपायच्या. डोंगरावरच्या कुरणात घरटी एक वाटा होता, त्यात खालच्या अंगाची पट्टी माझ्या वाट्याची. त्यात सगळ्यात चांगला मारवेल. ती मी मुद्दाम राखली होती, कडक उन्हाळ्यात कापायची म्हणून. रोज संध्याकाळी जाऊन नुसती बघून यायची. तुम्ही हसायच्या, "देव्हारा हाय व्हय गं त्यो?"

डोंगरापलीकडच्या गावाला दरसाल फाल्गुनात डोंगर पेटवायची सवय. जुनं गवत जळलं की पावसात कोवळं जोमानं फुटतं, असं ते मानायचे. एरवी गवत विरळ असायचं, आग माथ्यावर येऊन विझायची. त्या साली त्यांनी पेटवलं आणि ते त्यांच्या हातात राहिलं नाही.

पहिल्या दिवशी नुसता वास आला. मला वाटलं, कुणाच्या तरी चुलीवर काही करपलं. दुसऱ्या दिवशी सूर्य तांब्याच्या परातीसारखा दिसायला लागला, डोळे न मिचकावता बघता येईल असा. अंगणात घातलेल्या कुरडया काळपट पडल्या. भाकरी थापताना राखेचे तुकडे पिठात यायचे, बोटानं काढायला जावं तर काळी रेघ उमटायची. कोंबड्या भर दुपारी खुराड्यात जाऊन बसल्या. गायीनं दूध आखडलं. आणि शालनचा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. मी दारंखिडक्या लावून, पाळण्यावर ओलं फडकं धरून बसले होते. तुम्ही आत आलात, पोरीला पाळण्यातून काढलंत आणि जमिनीवर गोधडी घालून निजवलंत. "धूर वर चढतो. हिला खाली ठेव. आन् तूबी खाली बस."

त्या दिवसांत माझ्या मनात माहेरी जायचं होतं. पोरीला घेऊन एसटीत बसावं आणि हिरव्या रानात जाऊन मोकळा श्वास घ्यावा. तुम्हाला ते न सांगता कळलं होतं. दारातून जाता जाता तुम्ही म्हणालात, "गेलीस तर कुणी नावं ठेवणार न्हाई. मीबी न्हाई ठेवणार." एवढंच बोललात. थांब म्हणाला नाहीत. सासूबाईंचे पाय अधू झालेले, त्यांना सोडून मी कशी जाणार होते? पण खरं सांगू, तुम्ही थांब म्हणाला नाहीत म्हणूनच मी थांबले.

माथ्यावर ज्वाळा दिसल्या ती दुपारची वेळ. वारा आपल्याकडंच होता. सगळी वस्ती देवळापुढं जमली. सुभेदार नाना, फौजेतून निवृत्त झालेले, वस्तीतलं एकच कर्तं पुरुष माणूस म्हणायचं ते. काठी टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "पोरींनो, वस्ती मोकळी करा. गुरं, म्हातारी, पोरं, समदी नदीत चला. वाळूत आग येत न्हाई."

"आवं नाना," तुम्ही म्हणालात, "नदीत जीव वाचंल. पर उद्या गुरांनी खायचं काय, वाळू?"

"गवत पुना उगवंल. माणूस उगवतं का?"

"तुमचं खरं हाय. म्हणून म्हातारी नि पोरं तुमी न्या. आमी हातपाय धड असलेल्या हितं थांबतो."

"म्हंजी माझा हुकूम मोडतीस?"

"मी तुमच्या पलटणीत कवा हुते?"

नानांनी काठी जमिनीवर आपटली. मला वाटलं, आता कडाडतील. पण ते म्हणाले, "मग वढ्याची वाट मोकळी ठेवा. उलटलं तर तिकडनं पळा. गवताकडं बघत बसू नका." आणि बैलगाडी जुंपायला गेले. सासूबाईंना मी गाडीत बसवलं, शालनला त्यांच्या मांडीवर दिलं. त्या म्हणाल्या, "हिला मी बघते. तू घर बघ." गाडी नदीकडं वळली आणि धुरात दिसेनाशी झाली.

मग तुम्ही वस्तीकडं वळलात. "दुष्काळी कामावरची हत्यारं काढा."

आक्का, तो दिवस आठवला की मला अजून अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं वाटतं. घराघरांतून टिकाव निघाले, खोरी निघाली, पाट्या निघाल्या. सरकारी रस्ता बांधताना जी ओळ लागायची, तीच ओळ कुरणाच्या खाली लागली. पुढच्या बायकांनी विळ्यानं गवत कापायचं, मधल्यांनी टिकावानं मुळं उपटायची, मागच्यांनी खोऱ्यानं माती उघडी करायची. कुणी कुणाला काही शिकवलं नाही. एका अंगाच्या ओढ्यापासून दुसऱ्या अंगाच्या खडकापर्यंत बैलगाडी जाईल एवढा मातीचा पट्टा आपण काढला. विहिरीवर दोघी पोती भिजवत होत्या आणि बाकीच्या ती वाहत होत्या. धुरानं डोळे उघडेनात, तर पदर ओला करून तोंडावर बांधला. खोकला आला की खाली वाकायचं, जमिनीलगतचा श्वास घ्यायचा आणि पुन्हा टिकाव उचलायचा.

पट्टा झाला. तुम्ही त्याच्या कडेला उभ्या राहून वर बघितलंत. आग अर्धा डोंगर उतरली होती. पेटलेली कुसळं वाऱ्यावर उडत होती आणि पुढं पडून नवीन जाळ धरत होती.

"एवढ्यानं भागायचं न्हाई," तुम्ही म्हणालात. "ही उडी मारंल. हिच्या म्होरलं खाणं काढून घ्याया पायजे."

"म्हंजी?"

"तुझी पट्टी आपणच पेटवायची. मातीच्या कडंला लावायची. ती वर जाऊन त्या आगीला भिडंल."

मी तुमच्या आणि गवताच्या मध्ये जाऊन उभी राहिले. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतं, की मी म्हटलं, दुष्काळात निवडुंग भाजून गायीला घातला आणि आता हातात आलेला मारवेल मी जाळू? पट्टा अजून रुंद करू. खणून वाचवू. मी एकटी खणते. तुम्ही ऐकून घेतलंत. एरवी माझं अर्धं वाक्य तोडणाऱ्या तुम्ही, एवढी आग डोक्यावर असताना पूर्ण ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "वाटा तुझा हाय. तू न्हाई म्हणलीस तर लावणार न्हाई. मग खणू. पर बिगीनं सांग."

बाकीच्या टिकाव टेकून माझ्याकडं बघत होत्या. माझं लग्न ठरवताना मला कुणी विचारलं नव्हतं. मालकांनी मुंबईला जायचं की नाही, बैल ठेवायचे की छावणीला धाडायचे, यातलं काहीच मला कुणी विचारलं नव्हतं. त्या माळावर मला पहिल्यांदा कुणी काही विचारलं, ते तुम्ही.

मी म्हटलं, "लावा."

तुम्ही चिंध्यांचा पलिता पेटवून माझ्या हातात दिलात. "तूच लाव. थांब, मी सांगते तवा. आग जवळ आली की ती वारा सवताकडं वढून घेती."

आपण थांबलो. उष्णतेनं चेहरा भाजत होता. तुम्ही मूठभर धूळ घेऊन वर सोडत होता. ती पुन्हा पुन्हा आपल्या अंगावर येत होती. मग एकदा ती जागेवरच खाली पडली. पुढची मूठ डोंगराकडं गेली.

"लाव."

मी ओढ्यापासून खडकापर्यंत पळत गेले, पलिता गवताला टेकवत. माझ्या मागं माझा मारवेल पेटत गेला. रडायला वेळ नव्हता. सगळ्या जणी पट्ट्यावर पोती घेऊन उभ्या होत्या, इकडं एक ठिणगी आली की तिघी तिच्यावर तुटून पडायच्या. माझी आग वर चढत गेली, ती मोठी आग खाली येत होती. दोन्ही भिडल्या तेव्हा असा आवाज झाला, जसा घाटात ट्रक पालथा व्हावा. ज्वाळा लिंबाच्या शेंड्याच्या वर गेल्या. आणि मग खायला काही उरलं नाही, तशा त्या बसल्या. आपण बघत असताना बसल्या. नुसता काळा डोंगर आणि त्यावर धूर.

तेवढ्यात तुमच्याच घरामागून ओरड आली. एक पेटतं कुसळ गंजीवर पडलं होतं. तुम्ही शिडी शोधली नाहीत. गंजीला आवळलेलं दावं धरून वर चढलात, ठिणग्यांपासून बचावाला पांघरलेलं घोंगडं काढलंत आणि त्या जाळावर पसरून त्यावर आडव्या पडलात. आम्ही खालून पाणी मारत राहिलो. उतरलात तेव्हा दोन्ही हातांची कातडी सोललेली होती. म्हणालात, "लोकर लवकर पेटत न्हाई. घोंगडं मेंढराचं हाय, भ्यायचं काय?" आणि आम्ही सगळ्या हसायला लागलो, आक्का. काळी तोंडं, लाल डोळे, करपलेले केस. एकमेकींकडं बघायचं आणि हसायचं. हसता हसता दोघीतिघी रडल्या, त्यात मी होते.

दिवस मावळताना नाना सगळ्यांना घेऊन परत आले. गाडीतून उतरून ते मातीच्या पट्ट्यावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले. परत येऊन तुमच्यापुढं थांबले. "माझा हुकूम मोडला तुमी. बरं केलं." सासूबाईंनी शालन माझ्या हातात दिली. घरं होती तशी उभी होती. सगळ्या गंज्या उभ्या होत्या. त्या उन्हाळ्यात आपल्या वस्तीवरचं एकही जनावर उपाशी राहिलं नाही, आणि सगळ्यांच्या गंजीतला वाटा माझ्या गोठ्यात येत राहिला. तो मला मागावा लागला नाही.

त्या पट्टीवरून मात्र आपलं भांडण कधी मिटलं नाही. मी म्हणायची, अजून थोडं खणलं असतं तर पट्टी वाचली असती. तुम्ही म्हणायच्या, "पट्टी वाचली असती. तू वाचली असतीस का?" मी म्हणायची, मी पळाले असते. तुम्ही म्हणायच्या, "तू? गवत सोडून?" माझं मत अजून तेच आहे. तुम्ही गेलात म्हणून मी ते बदलणार नाही. तुम्हालाही ते आवडलं नसतं.

तुमच्या हातांच्या जखमा भरल्यावर तुम्ही मला घेऊन डोंगरापलीकडं गेलात. मला वाटलं, भांडायला. तिथल्या बायका ओट्यावर धान्य निवडत बसल्या होत्या. त्यांच्यातली चंद्राबाई सगळ्यांत मोठी, तुमच्याच वयाची आणि तुमच्याइतकीच तिखट. ती म्हणाली, "आमच्या अंगाचा डोंगर आमी जाळू न्हाई तर ठिवू."

तुम्ही म्हणालात, "ठिवा म्हणायलाच आलीया. जुनं गवत नको आसंल तर जाळू नका. कापायला आमी येतो. तुमचं निम्मं, आमचं निम्मं."

"आन् कोवळं फुटायचं कसं?"

"कापलं तरी फुटतंय. डोकं भादरलं तरी क्यास उगवत्यात का न्हाई?"

चंद्राबाई हसली नाही, पण तिनं चहा ठेवला. पहिल्या वर्षी त्यांनी पेटवलंच. दुसऱ्या वर्षी आपण खरंच विळे घेऊन गेलो आणि त्यांच्या अंगाचं गवत कापून भारे बांधून दिले. पुढच्या फाल्गुनात तिकडून धूर आला नाही. त्यानंतर आजवर त्यांनी पेटवलेला नाही. दर दिवाळीनंतर आपली वस्ती मातीचा पट्टा साफ करते, तिकडं तेही करायला लागले. डोंगरावर आता बाभळी आणि करंजाची रोपं गुडघ्याच्या वर आलीत. शालन तिथं बोरं वेचायला जाते.

शेवटच्या आजारात तुमचा खोकला थांबत नव्हता. डॉक्टरांनी विचारलं, चुलीचा धूर का? तुम्ही माझ्याकडं बघून म्हणालात, "मोठी चूल हुती, सायेब." एका दुपारी, अगदी परवाच झाल्यासारखं वाटतंय, मी तुमच्या उशाशी बसले होते. मला तुम्हाला सांगायचं होतं, की तुम्ही मला विचारलंत त्या दिवसापासून मी ह्या वस्तीची झाले. तुम्ही डोळे मिटले होते. मी म्हटलं, झोप झाल्यावर सांगू. ते राहिलं. आज सांगितलं.

आता कालचं ऐका.

तेराव्याची पानं मांडायला घेतली होती. पाहुणे मांडवात बसलेले. तुमच्या सुनेनं भाताचं पातेलं उतरवलं आणि डोंगराकडं बघून ती तशीच उभी राहिली. माथ्याशी धूर होता. कुणी वाटसरूनं विडी टाकली की काय, कोण जाणे. कुणी हाक मारली नाही, कुणी कुणाकडं बघितलं नाही. बायका मांडवातून उठल्या. नव्या लुगड्यांचे काचे मारले, टिकाव आणि पोती घेतली आणि डोंगराला लागल्या. माहेरच्या पाहुण्या विचारत होत्या, काय झालं, कुठं निघाल्या? यंदाच लग्न होऊन आलेली एक पोर माझ्या पुढं पळत होती. मी तिला म्हटलं, "तोंडाला पदर बांध." ती म्हणाली, "बांदलाय काकी, तुमी बांदा."

आपल्या अंगाची आग आम्ही माथ्याच्या खालीच रोखली. पण पलीकडून अजून धूर येत होता. मला वाटलं, तिकडं उतरावं लागणार. धापा टाकत माथ्यावर गेले, तर समोरून चंद्राबाई वर आली. तिच्या मागं त्यांच्या गावच्या सगळ्या बायका. हातात ओल्या फांद्या, तोंडं काळी. त्यांनी त्यांच्या अंगाची विझवली होती. माथ्यावर दोन्हीकडच्या बायका समोरासमोर उभ्या राहिल्या आणि मध्ये फक्त खळ्याएवढी जळलेली जागा.

चंद्राबाईनं आमच्यावरून नजर फिरवली. "हौसा कुठाय?"

मी सांगितलं. म्हटलं, आज तेरावा.

तिनं फांदी खाली टाकली, हात लुगड्याला पुसले आणि म्हणाली, "मग आमाला जेवायला न्हाई व्हय बोलवणार?"

आक्का, डोंगरापलीकडचं अख्खं गाव खाली उतरून तुमच्या पंगतीला बसलं. भात पुरला नाही, पीठही संपलं. घराघरांतून पिठं आली, आणि ज्या आग विझवून आल्या होत्या त्यांनीच काळ्या हातांनी भाकरी थापल्या. चंद्राबाई पहिल्या पानावर बसली होती. तिनं दोनदा वाढून घेतलं.